बाटली छातीच्या खाली धरा, हे मराठीत सांगा

प्रति,
बेळगाव सीमाभागात सरकारी आरोग्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी, अलीकडचे आणि पलीकडचेही

सा. न. वि. वि.

एकतीस वर्षं मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. कधी बेळगाव-चंदगड, कधी निपाणी-कोल्हापूर. त्यामुळे कोण कुठल्या दवाखान्याला जातो हे मला कुठल्याही अहवालाशिवाय माहीत आहे. चंदगडची माणसं महाराष्ट्रातली, पण हाड मोडलं की बेळगावला येतात. निपाणीची माणसं कर्नाटकातली, पण पोटात दुखलं की कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतात. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेला पेशंट मी सीट नसतानाही बसवून नेला आहे. सीमा तुमच्या कागदावर आहे. दुखणं एसटीने आणि आमच्या लाल बसने दोन्हीकडे फिरतं.

हे पत्र आधी खुलं नव्हतं. माझ्या मुलाच्या छातीत नळी घालून ती बाटलीला जोडावी लागली, त्यात काय काय चुकलं त्याबद्दल तीन महिन्यांपूर्वी मी रीतसर अर्ज दिला होता. खिडकीवरच्या माणसाने तो मराठीत का, असं विचारलं. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमाने गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क दिला आहे, हे मी त्याला कानडीतच समजावलं, तेव्हा तो हसला आणि शिक्का मारला. गेल्या आठवड्यात उत्तर आलं, एका ओळीचं: नोंद घेतली आहे. कशाची नोंद, ते लिहिलेलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. उशिरा झालेलं लेकरू. उंची सहा फूट एक इंच, वजन ५७ किलो. आमच्या भागात सकाळी साडेपाचला कुठल्याही रस्त्यावर बघा, सैन्यभरतीसाठी पळणारी अशी पोरं दिसतील. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि घरटी एक तरी फौजी आहे. तोही त्यांतलाच. सोळाशे मीटर पळून यायचा आणि धापसुद्धा लागायची नाही.

जे झालं ते पळताना झालं नाही. मार्गशीर्षात संध्याकाळी साडेसातला तो उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होता. डाव्या छातीत एकदम कळ आली, खांद्यापर्यंत गेली, आणि श्वास वरच्या वर राहायला लागला. शेंगांची पाटी तिथेच टाकून उठला. आधी आम्हालाही वाटलं, गॅस झाला असेल.

तालुक्याच्या दवाखान्यातही तेच सांगितलं. त्याचं नाव मी घालत नाही, कारण मला कुणाची बदली करवून घ्यायची नाही, आणि त्या रात्रीचे डॉक्टर एकटेच चाळीसेक पेशंट बघत होते हे मी डोळ्यांनी पाहिलं. ईसीजी काढला, बरा आला. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, ९५ दाखवलं. स्टेथोस्कोप स्वेटरवरूनच एकदा टेकवला. अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं. एक्स-रेच्या खोलीला पाच वाजता कुलूप लागतं. रात्रभर पोरगा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला, कारण आडवं होता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खासगीत एक्स-रे काढला. डाव्या बाजूला फुफ्फुस म्हणून जे काही होतं ते मुठीएवढं, आणि बाकी सगळा काळा रिकामा भाग. बेळगावच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: न्यूमोथोरॅक्स. हात लावून बघितल्यासारखं मला समजलं ते मात्र नंतर, माझ्याच भाषेत मांडल्यावर. बसच्या चाकात बाहेर टायर असतो, आत ट्यूब. छातीची भिंत टायर, फुफ्फुस ट्यूब. दोन्ही एकमेकांना चिकटून असतात म्हणून ट्यूब फुगलेली राहते. आता ट्यूबला बारीक छिद्र पडलं, पण हवा बाहेर निघून न जाता टायर आणि ट्यूब यांच्या मधे साठली, तर ट्यूब आतल्या आत चेपत जाते. अशा उंच, सडपातळ पोरांच्या फुफ्फुसाच्या शेंड्याला कधी कधी पातळ फोडांसारखे फुगे असतात. त्यांतला एखादा फुटतो. काही कारण लागत नाही. बहुतेकदा बसल्या जागीच फुटतो. दहा ते तीस हे त्याचं वय, आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त.

विडी-सिगारेटने हा धोका कित्येक पटींनी वाढतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पोराने आधी आईकडे बघितलं, मग खाली बघून म्हणाला, "पावसाळ्यापासून, दिवसाला दोन-तीन." भरतीची तयारी करणारा! मी त्याला काय बोलणार, माझ्याच खिशात विडीचा कट्टा होता. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला तेव्हा मी अकरावी-बारावीचा पोर, आणि आमच्या घरातही तंबाखू होतीच. त्याचा दोष तुमच्यावर नाही. आमचं आम्ही बघू.

तुमच्याकडचं गाऱ्हाणं पुढे सुरू होतं.

डॉक्टरांनी बरगड्यांच्या मधून नळी घातली. जागा बधिर करून, दहा-पंधरा मिनिटांत. हवा बाहेर आली, फुफ्फुस फुगलं, पाचव्या दिवशी नळी काढून घरी. हातात दिलेला कागद इंग्रजीत. त्यात गोळ्यांची नावं आणि पुढच्या भेटीची तारीख. हे दुखणं परत येतं, साधारण तिघांतल्या एकाला येतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच येतं, हे त्या कागदावर नव्हतं आणि तोंडीही कुणी सांगितलं नाही. परत कळ आली तर गॅसची गोळी न घेता थेट एक्स-रेला या, एवढं एक वाक्य पुरलं असतं. विमानात किती दिवस बसायचं नाही, ते नव्हतं. पाण्याखाली कधीच उतरायचं नाही, तेही नव्हतं. हे वरवरचं वाटेल, म्हणून सांगतो: मधल्या काळात पोरांनी मालवण-तारकर्लीला स्कूबा करायचा बेत आखला होता. पैसे जमा झाले होते. ज्याची गाडी नेणार होते त्याच्या काकांनी ऐनवेळी नाही म्हटलं, म्हणून राहिलं. पाण्याखाली दाबाने हवेचं काय होतं आणि वर येताना काय होतं, ते मला पुढे सर्जननी सांगितलं. त्या काकांचे मी आजही मनातल्या मनात पाय धरतो.

सातव्या आठवड्यात परत. तीच बाजू.

मी गडहिंग्लजला मुलीकडे गेलो होतो. घरी पोरगा आणि त्याची आई. या वेळी तिने गॅस म्हणू दिलं नाही. त्याच दवाखान्यात दुसरे डॉक्टर होते, त्यांनी शर्ट काढून दोन्ही बाजू ऐकल्या आणि दोन मिनिटांत ओळखलं. त्यांना माझा नमस्कार. पण नळीचा संच दवाखान्यात नव्हता, आणि असता तरी टाकायला शिकलेलं कुणी नव्हतं. बेळगावला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे रात्री नळी पडली.

बाटलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या पत्राचं कारण ती आहे.

नळीचं दुसरं टोक जमिनीवर ठेवलेल्या बाटलीत, पाण्याखाली दोनेक सेंटिमीटर बुडलेलं असतं. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पण पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नाही. एवढंच. ना वीज, ना यंत्र. एकोणिसाव्या शतकातली युक्ती आहे. पोरगा श्वास घेतो तसं नळीतलं पाणी वर-खाली होतं. खोकला की बुडबुडे. शेजारी बसलेल्या माणसाला दुसरं काही बघायला नसतं. सहा रात्री मी ते बुडबुडे मोजले आहेत. कंडक्टरला मोजायची सवय. बुडबुडे थांबले म्हणजे छिद्र बुजलं. थांबले नाहीत. सहाव्या दिवशी सांगितलं, ऑपरेशन लागेल, दुर्बिणीने. पण आमच्याकडे छातीचे सर्जन नाहीत, शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात न्या.

हलवायच्या वेळी मी कागदांच्या मागे होतो (ते पुढे सांगतो), अॅम्ब्युलन्समध्ये त्याची आई. तिच्यापुढे एक फॉर्म ठेवला, अर्धा कानडी, अर्धा इंग्रजी. तिने सही केली. बाटलीबद्दल कुणी काहीतरी बोललं, तिने मान हलवली. तिला कानडी 'बा, होगु, एष्टु' (ये, जा, किती) एवढंच येतं. माझ्यासारखी ती बसमध्ये 'मुंदक होग्री' (पुढे चला) ओरडत वाढलेली नाही. निघताना वॉर्डातल्या कुणीतरी, पाणी सांडू नये म्हणून, नळीला चिमटा लावला. चांगल्या हेतूनेच लावला असणार.

बुडबुडे चालू असलेल्या नळीला चिमटा लावायचा नसतो. फुफ्फुसातून हवा सुटतच असते. वाट बंद केली की ती छातीत कोंडते आणि दाब वाढत जातो. आधी ते फुफ्फुस चेपतं, मग दाब हृदयाकडे आणि दुसऱ्या फुफ्फुसाकडे सरकतो. यात माणूस जातो.

पंधरा-वीस मिनिटांत, गर्दीत गाडी अडकलेली, पोराचे ओठ निळे पडले आणि मानेवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. आईला वाटलं बाटली खाली ठेवली आहे म्हणून असं होतंय, तिने ती उचलून पोटाशी धरली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, कुणाला तरी फोन लावला, आणि तिकडून ऐकत ऐकत मराठीत ओरडला, "अक्का, तो चिमटा काढा! बाटली खाली ठेवा, खाली!" तिने चिमटा काढला. ती म्हणते, बाटलीत असा आवाज झाला जसा सोडा फोडल्यावर होतो.

तो ड्रायव्हर मराठी बोलणारा निघाला, हा आमचा योगायोग. तुमची व्यवस्था त्याच्यावर उभी होती.

त्या वेळी मी कुठे होतो? रांगेत. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत खासगी दवाखान्यात उपचार घ्यायचे तर सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं. ठरावीक तातडीच्या आजारांना सूट आहे. आमचं कार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं), म्हणजे पॅकेजच्या ३० टक्के सरकार देणार, वर्षाला दीड लाखापर्यंत. बीपीएलला पाच लाख. ठीक आहे, नियम आहे. पण पहिलं पत्र पहिल्या दवाखान्याच्या नावाचं होतं, आता दुसऱ्याच्या नावाचं हवं. खिडकीवर विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हटलं, त्याच्या छातीत नळी आहे आणि नळी बाटलीत आहे, तो रांगेत कसा उभा राहील? म्हणाले, बघितल्याशिवाय पत्र देता येत नाही. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत बुडबुडे चालूच.

मधे कोल्हापूरचाही विचार केला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली, वर्तमानपत्रांत दोन्हीकडच्या नेत्यांचे फोटो आले. आमचं गाव त्या यादीत आहे. पलीकडच्या दवाखान्यात विचारलं तर अर्जाचा दाखला आणा. दाखला कुठे मिळतो विचारलं तर कुणी सांगेना. म्हणजे एका बाजूला कार्ड आहे पण पत्र नाही, दुसऱ्या बाजूला यादीत नाव आहे पण दार नाही. सीमाप्रश्नावर मी बोलत नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, माझ्या पोराला तेवढा वेळ नव्हता.

ऑपरेशन झालं. तीन लहान छिद्रं पाडली, शेंड्यावरचे फुगे स्टेपलरने कापून शिवले, आणि छातीच्या आतल्या बाजूचं आवरण खरवडलं, म्हणजे फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसावं. परत येण्याची शक्यता आता शंभरात मोजक्याच जणांना, असं सर्जन म्हणाले. क्षयाची तपासणीही केली, कारण आपल्याकडे क्षयामुळेही असं होतं, निघाला नाही. गल्लीत मात्र क्षयच झाला असं ठरलं आहे. पोराने भरतीचा नाद सोडला. हल्ली उद्यमबागेत एका कारखान्यात जातो, आणि पायऱ्या चढला की पहिल्यांदा डाव्या बाजूला हात लावतो. खर्चाचा आकडा लिहीत नाही, पण सोसायटीचं कर्ज पुढची तीन वर्षं आहे.

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात रात्री एक्स-रे चालू ठेवा. माणूस नेमणं जमत नसेल तर बोलावल्यावर येणारा ठेवा. तरण्या पोराला एका बाजूच्या छातीत अचानक कळ येऊन दम लागत असेल तर अंगावरचे कपडे काढून दोन्ही बाजू ऐकायच्या आणि उभ्याने एक एक्स-रे काढायचा, हे भिंतीवर लिहून लावा. सगळ्यांनाच नळी लागत नाही हे मलाही आता कळलं आहे. हवा थोडी असेल आणि दम नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं, कधी सुईने हवा ओढून भागतं. पण ते ठरवायला आधी एक्स-रे लागतो.

प्रत्येक तालुक्यात नळीचे दोन संच, आणि ते वापरायला शिकलेला निदान एक डॉक्टर प्रत्येक पाळीला. निळ्या पडलेल्या माणसाच्या छातीत जाड सुई कुठे टोचून हवा सोडायची, हे अॅम्ब्युलन्समधल्या माणसालाही शिकवा.

जिल्ह्यातल्या कुठल्या सरकारी दवाखान्यात छातीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते, आठवड्यातून कुठल्या दिवशी, हे फलकावर लिहा. होत नसेल तर होत नाही असं लिहा. बसची फेरी रद्द असली की आम्ही पाटी लावायचो. त्यात कमीपणा नव्हता, लोक दुसरी गाडी बघायचे.

ज्याच्या छातीत नळी आहे त्याच्यासाठी शिफारसपत्र एका दवाखान्याने दुसऱ्याला थेट पाठवावं. नातेवाईक पोस्टमन नाही.

दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकदा बसून सीमेवरच्या तालुक्यांपुरतं ठरवावं: इकडचं कार्ड तिकडच्या दवाखान्यात आणि तिकडचं इकडे चालेल, हिशेब तुम्ही आपसांत करा. चंदगडवाल्याला बेळगाव हवं आहे, निपाणीवाल्याला कोल्हापूर. फायदा दोन्हीकडे सारखाच आहे.

आणि संमतीचा फॉर्म, डिस्चार्जचा कागद, बाटलीच्या सूचना, हे तिन्ही कानडीबरोबर मराठीतही. ही मेहेरबानी मागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पुरेशी असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशाने कधीचं मान्य केलं आहे, आणि कशाला हो म्हणतो हे पेशंटला कळल्याशिवाय ती संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं आहे. उर्दू, कोकणी, जिथे जे लागेल ते करा, माझी हरकत नाही.

बाटलीच्या कार्डाचा मजकूर सर्जनना दाखवून मी लिहून काढला आहे. पोस्टकार्डाएवढं कार्ड, बाटलीच्या गळ्यात अडकवायचं:

बाटली कायम छातीच्या खाली, उभी ठेवा. वर उचलू नका.
नळीला चिमटा लावू नका, कुणी लावला तर विचारा. नळी पिळली किंवा अंगाखाली दबली तर सोडवा.
नळी बाटलीतून निसटली तर टोक लगेच स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि नर्सला हाक मारा.
दम वाढला, ओठ निळे पडले, तर बघत बसू नका, ओरडा.

माझ्या पुतण्याचा निपाणीत छापखाना आहे. पहिल्या पाचशे कार्डांचे पैसे मी देतो. कानडी मजकूर मागच्या बाजूला घाला, तोही मीच करून देतो, शुद्धलेखन तेवढं तुमच्या कारकुनाकडून तपासून घ्या. कार्डं कुठे पोचवायची ते कळवा.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
बेळगाव जिल्हा